ब्राउझरमधून माउस, बोट आणि पेन लिनक्सवर पाठवताना: आभासी डिव्हाइस एकच ठेवावं की तीन?

रेघोट्या

टॅब्लेटवर उघडलेल्या वेब पानावर बोट, पेन किंवा माउस फिरवला की त्यानं दुसऱ्या संगणकाचा पडदा चालावा, अशी व्यवस्था लिहितो आहे. पान पॉइंटर इव्हेंट्स (माउस, बोट, पेन यांच्या ब्राउझरमधल्या घटना) ऐकतं आणि वेबसॉकेटवरून, म्हणजे सतत उघड्या राहणाऱ्या जोडणीवरून, पाठवतं. पलीकडे लिनक्सवर, वेलँडखाली (खिडक्या पडद्यावर दाखवायची पद्धत), सी भाषेतला छोटा प्रोग्राम ते /डेव्ह/यूइनपुट मध्ये लिहितो. प्रोग्रामला आभासी माउस वगैरे बनवू देणारी ही कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, सोय. नुसता माउस असेपर्यंत सगळं नीट चाललं. आता पुढच्या ठिकाणी अडलो आहे:

माउससाठी बनवलेल्या आभासी डिव्हाइसलाच टचचे आणि पेनचे बिट (डिव्हाइसला काय काय येतं ते सांगणाऱ्या खुणा) जोडले. त्यानंतर पेन तर दिसलं नाहीच, उलट बोटही चालेनासं झालं. कर्नलमध्ये डिव्हाइस तयार झालेलं दिसतं आणि ईव्हीटेस्टमध्ये (कर्नलच्या घटना दाखवणारं साधन) घटना येतात, पण पडद्यावर काहीच हलत नाही.

त्याआधी फक्त टच होतं तेव्हा दोन बोटांनी झूम करून बोटं उचलली की कधीकधी एक बोट टेकलेलंच राहायचं. मग पुढचा प्रत्येक स्पर्श झूमच समजला जायचा.

पानाच्या बाजूला बोट थोडं सरकलं की पॉइंटरमूव्ह, म्हणजे हालचालीची घटना, येणं बंद होतं. पॉइंटरमूव्हमध्ये प्रिव्हेंटडिफॉल्ट (ब्राउझरची नेहमीची कृती थांबवणारी हाक) लावून पाहिलं, फरक पडला नाही.

पेनच्या वेगवान गोलाऐवजी बहुकोन उमटतो.

निरोपाची रचना सध्या जेसन, म्हणजे मजकुराच्या रूपातली, आहे. तीही बदलायची तयारी आहे, तेव्हा त्यावरही सांगा.

---

कर्नलकाठी

तीन डिव्हाइस. यात दुसरा पर्याय नाही.

कर्नलला एकाच डिव्हाइसवर सगळे बिट चालतात, म्हणून ते तयार होतं आणि ईव्हीटेस्ट खूश दिसतं. पण त्यानंतर यूडेव्ह (डिव्हाइसची नोंद ठेवणारी सेवा) ते बिट बघून डिव्हाइसची जात ठरवतं आणि लिबइनपुट (कर्नलच्या घटनांचा अर्थ लावून पुढे देणारी लायब्ररी) त्या जातीप्रमाणे वागतं. निरपेक्ष (नेमकी जागा सांगणारे) एक्स-वाय अक्ष आहेत आणि बीटीएन_टूल_पेन किंवा बीटीएन_स्टायलस हा पेनचा बिट आहे, असं दिसलं की यूडेव्हच्या लेखी ते ड्रॉइंग टॅब्लेट. माउसची बटणं आणि टच हे प्रश्न त्यानंतरचे. म्हणजे तुम्ही पेनचे बिट जोडलेत त्या क्षणी अख्खं डिव्हाइस टॅब्लेट झालं आणि बोटांना वालीच उरला नाही.

आणि पेनही का दिसलं नाही? टॅब्लेटच्या एक्स आणि वाय अक्षांना रिझोल्यूशन दिलेलं नसेल तर लिबइनपुट ते डिव्हाइस सरळ नाकारतं. लॉगमध्ये टॅब्लेटच्या क्षमता अपुऱ्या असल्याची ओळ येते, त्यात रिझोल्यूशन हा शब्द असतो. रिझोल्यूशन म्हणजे दर मिलिमीटरला किती एकक. समजा दोन्ही अक्ष 0 ते 65535 ठेवलेत आणि 16:9 चा पडदा 300 मिमी रुंद मानलात, तर उंची 168.75 मिमी होते. एक्सला 218 आणि वायला 388 द्या. दोन्हीला एकच आकडा दिलात तर लिबइनपुटच्या लेखी तुमचा टॅब्लेट चौरस होतो आणि भौतिक मापावर चालणारी सगळी गणितं चुकतात.

माउसच्या डिव्हाइसवर आरईएल_एक्स, आरईएल_वाय (आधीच्या जागेपासून किती सरकलं ते), बटणं आणि चाक ठेवा. सापेक्ष हालचालीला लिबइनपुट प्रवेग लावतं, त्यामुळे 100 पाठवले की कर्सर 100 पिक्सेलच जाईल, असं धरून चालू नका. कर्सर बोटाखालीच हवा असेल तर एबीएस_एक्स, एबीएस_वाय आणि बीटीएन_लेफ्ट असं निरपेक्ष माउस डिव्हाइस करा. आभासी मशीनमध्ये हीच युक्ती वापरतात. त्याला प्रवेग लागत नाही.

बोटांच्या डिव्हाइसवर एमटी (मल्टिटच, म्हणजे अनेक बोटांचे) अक्ष, बीटीएन_टच आणि इनपुट_प्रॉप_डायरेक्ट हा गुणधर्म. हा गुणधर्म विसरलात आणि बीटीएन_टूल_फिंगर मात्र ठेवलंत, तर टचस्क्रीनचं टचपॅड होतं आणि बोटाच्या जागेऐवजी कर्सर सरकायला लागतो.

पेनच्या डिव्हाइसवर बीटीएन_टूल_पेन, बीटीएन_टूल_रबर, बीटीएन_टच, बीटीएन_स्टायलस, एक्स, वाय, दाब आणि तिरपेपणाचे दोन अक्ष. इथेही इनपुट_प्रॉप_डायरेक्ट द्या, म्हणजे हे पडद्यावरच चालणारं पेन आहे हे वरच्या थरांना कळतं.

डिव्हाइस तयार केल्यावर लगेच घटना लिहू नका. यूडेव्ह आणि कंपोझिटरला (खिडक्या पडद्यावर मांडणारा प्रोग्राम) ते उघडायला वेळ लागतो, तोवर लिहिलेलं वाया जातं. कर्नलच्या दस्तऐवजातल्या नमुन्यातही तयार करण्याच्या हाकेनंतर 1 सेकंद थांबलेलं आहे. तिन्ही डिव्हाइस प्रोग्राम सुरू होतानाच बनवा, जोडणी आल्यावर नाही.

तपासायचं ते ईव्हीटेस्टमध्ये नाही, लिबइनपुट डीबग-इव्हेंट्समध्ये. तिथे डिव्हाइसच्या नावापुढे क्षमता छापलेल्या असतात. तिन्ही ओळी बरोबर दिसल्याशिवाय पुढे जाऊ नका.

---

स्लॉटशून्य

अडकलेल्या बोटाबद्दल. कोड न बघताही सांगतो, नव्वद टक्के वेळा चूक एकाच ठिकाणी असते: बोट उचलताना स्लॉट (त्या बोटाचा कप्पा) न सांगता ट्रॅकिंग आयडी (स्पर्शाचा क्रमांक) -1, म्हणजे 'उचललं', लिहिलेला असतो. कर्नल शेवटचा स्लॉट लक्षात ठेवतं आणि तुमचं -1 त्याच स्लॉटला लागू होतं. दुसरं बोट शेवटचं हललं आणि पहिलं उचललं, तर उचललं जातं दुसरं. पहिलं टेकलेलंच राहतं.

दोन बोटांचा क्रम असा हवा. सिन_रिपोर्ट ही एक फ्रेम, म्हणजे एकत्र लागू होणाऱ्या घटनांचा गठ्ठा, संपल्याची खूण. पहिलं टेकलं:

एबीएस_एमटी_स्लॉट 0
एबीएस_एमटी_ट्रॅकिंग_आयडी 41
एबीएस_एमटी_पोझिशन_एक्स 20000
एबीएस_एमटी_पोझिशन_वाय 31000
बीटीएन_टच 1
सिन_रिपोर्ट

दुसरं टेकलं:

एबीएस_एमटी_स्लॉट 1
एबीएस_एमटी_ट्रॅकिंग_आयडी 42
एबीएस_एमटी_पोझिशन_एक्स 42000
एबीएस_एमटी_पोझिशन_वाय 30500
सिन_रिपोर्ट

पहिलं उचललं:

एबीएस_एमटी_स्लॉट 0
एबीएस_एमटी_ट्रॅकिंग_आयडी -1
सिन_रिपोर्ट

इथे बीटीएन_टच 0 करायचं नाही, एक बोट अजून खाली आहे. ते शेवटचं बोट उचलताना. स्लॉट दर वेळी लिहिला तरी काही बिघडत नाही, तेव्हा कायम लिहाच.

ब्राउझरचा पॉइंटरआयडी (प्रत्येक बोटाला किंवा पेनाला तो देतो तो क्रमांक) थेट स्लॉट म्हणून वापरू नका. तो कोणताही आकडा असू शकतो आणि प्रत्येक नव्या स्पर्शाला वाढत जाऊ शकतो. एबीएस_एमटी_स्लॉटची कमाल 9 ठेवली तर 10 स्लॉट मिळतात. जोडणी क्रमांक आणि पॉइंटरआयडी ही जोडी किल्ली धरून सर्वांत लहान मोकळा स्लॉट द्या. ही नोंद घेणाऱ्या बाजूला ठेवा, कारण दोन टॅब्लेट एकदम जोडले गेले तर पाठवणाऱ्या दोघांनाही 0 च मोकळा वाटेल.

दुसरं कारण जोडणी तुटणं. वायफाय गेलं की 'उचललं' हा निरोप कधीच येत नाही. सॉकेट बंद होताच त्या जोडणीचे सगळे स्लॉट, सगळी बटणं आणि पेन सोडून द्या. शिवाय सॉकेट उघडं पण मुकं असंही होतं, त्यासाठी पानाकडून ठरावीक अंतरानं जिवंतपणाचा निरोप घ्या. मी 500 मिलिसेकंदांनी पाठवतो आणि 2 सेकंद काही आलं नाही तर सोडतो. बोट स्थिर धरलेलं असताना पॉइंटरमूव्ह येत नाही, त्यामुळे नुसत्या हालचालीच्या अभावावरून जोडणी मेली असं ठरवता येत नाही.

आणि पॉइंटरकॅन्सल, म्हणजे ब्राउझरनं स्पर्श मध्येच रद्द केल्याची घटना. बहुतेक जण ते पॉइंटरअपसारखंच (बोट उचलल्यासारखंच) हाताळतात आणि मग रद्द झालेला स्पर्श पलीकडे टॅप होऊन एखादं बटण दाबून बसतो. ईव्हीडेव्हमध्ये (कर्नलच्या घटनांची भाषा) 'रद्द' अशी घटना नाही, पण तळहाताची आहे. एबीएस_एमटी_टूल_टाइप हा अक्ष कमाल 2 देऊन जाहीर करा. रद्द करताना त्या स्लॉटला एमटी_टूल_पाम, म्हणजे 2, लिहा आणि सिन_रिपोर्ट द्या, मग पुढच्या फ्रेममध्ये आयडी -1. लिबइनपुट त्याचं टच-कॅन्सल करतं आणि पलीकडचा प्रोग्राम तो स्पर्श विसरतो. नव्या स्पर्शाला मात्र टूल टाइप परत 0 लिहायला विसरू नका. स्लॉटमध्ये जुना 2 तसाच राहतो आणि त्या स्लॉटवरचं पुढचं प्रत्येक बोट तळहात ठरतं.

---

पॉइंटरपकड

पानाची बाजू मी घेतो.

हालचाल थांबते कारण ब्राउझरनं तो स्पर्श स्क्रोलसाठी स्वतःकडे घेतला. तसं केलं की तो पॉइंटरकॅन्सल पाठवतो आणि पुढे गप्प बसतो. पॉइंटरमूव्हमधल्या प्रिव्हेंटडिफॉल्टचा स्क्रोलशी संबंधच नाही. तो जुन्या टच इव्हेंट्सचा नियम होता. इथे सीएसएसमध्ये त्या घटकाला टच-ॲक्शन: नन द्यायचं. ते बोट टेकण्याआधी लागू असलं पाहिजे. पॉइंटरडाउनमध्ये शैली बदलून त्या स्पर्शाला उपयोग होत नाही. जोडीला युजर-सिलेक्ट: नन, आणि कॉन्टेक्स्टमेनू घटनेत प्रिव्हेंटडिफॉल्ट, नाहीतर बोट दाबून धरलं की मेनू उघडतो.

पॉइंटरडाउनमध्ये सेटपॉइंटरकॅप्चर बोलवा. त्यानं पॉइंटरवर पकड बसते, म्हणजे त्याच्या पुढच्या घटना याच घटकाकडे येतात. बोटाला पकड आपोआप मिळते, माउसला मिळत नाही, आणि बटण दाबून कर्सर घटकाबाहेर नेऊन सोडला की पॉइंटरअप हरवतो. आवराआवर लॉस्टपॉइंटरकॅप्चरमध्ये लिहा. अप असो की कॅन्सल, पकड सुटली की ती घटना येतेच, त्यामुळे नोंदीतून आयडी काढायची जागा एकच राहते. फक्त 'अप' की 'कॅन्सल' हा फरक त्याआधीच्या घटनेत टिपून ठेवा.

बटणांची फसवणूक नीट समजून घ्या. 'बटन' आणि 'बटन्स' यांचे आकडे वेगळे आहेत. 'बटन'मध्ये 0 डावं, 1 मधलं, 2 उजवं. 'बटन्स' हा बिटांचा मुखवटा: 1 डावं, 2 उजवं, 4 मधलं, 8 मागे, 16 पुढे, 32 पेनचं खोडरबर. आणखी एक: माउसचं डावं बटण दाबलेलं असताना उजवं दाबलं तर दुसरं पॉइंटरडाउन येत नाही, पॉइंटरमूव्ह येतं. म्हणून दाबलं-सोडलं असे निरोप पाठवूच नका. प्रत्येक घटनेबरोबर 'बटन्स' पाठवा आणि घेणाऱ्यानं आधीच्या मुखवट्याशी एक्सऑर करून (फक्त वेगळे बिट उरतात) काय बदललं ते काढावं. एखादा निरोप निसटला तरी पुढच्या निरोपावर स्थिती आपोआप दुरुस्त होते.

बहुकोनाचं कारण: डिजिटायझर सेकंदाला 200 च्या पुढे नमुने देतो, पण ब्राउझर पॉइंटरमूव्ह पडद्याच्या चालीनं, 60 हर्ट्झला साधारण 16.7 मिलिसेकंदांनी एक, असे गठ्ठे करून देतो. मधले बिंदू गेटकोअलेस्डइव्हेंट्स मधून मिळतात. यादी मिळाली की मूळ घटना वेगळी पाठवू नका. यादीतला शेवटचा बिंदू तोच असतो, दोनदा गेला तर रेषेवर गाठी दिसतात. यादी रिकामी आली तरच मूळ घटना वापरा. आणि ही पद्धत फक्त सुरक्षित पानावर मिळते. स्थानिक नेटवर्कवरच्या साध्या एचटीटीपी पत्त्यावर ती अस्तित्वातच नसते. लोकलहोस्टवर चाचणी करताना मात्र चालते, म्हणून टॅब्लेटवर गेल्यावरच हा दोष उघडा पडतो. एचटीटीपीएस लावा. मग वेबसॉकेटही सुरक्षितच लागेल.

जेसन सोडा. एका बिंदूला 20 बाइट पुरतात: पहिल्या 4 बाइटांत आवृत्ती, पॉइंटरचा प्रकार, टप्पा आणि बटन्स, प्रत्येकी 1. मग पॉइंटरआयडी 4, एक्स 2, वाय 2, दाब 2, तिरपेपणाचे 1 आणि 1, शेवटी वेळ 4. सेकंदाला 240 बिंदू धरले तरी 4800 बाइट. डेटाव्ह्यू (ब्राउझरमध्ये बाइट लिहायचं साधन) मूळ स्थितीत संख्येचा मोठा बाइट आधी लिहितो. सेटयूइंट16 ला तिसरा आर्ग्युमेंट ट्रू दिला नाही आणि पलीकडे सीमध्ये स्ट्रक्ट सरळ वाचला, तर 256 चं 1 होतं आणि कर्सर कोपऱ्यात उड्या मारतो.

एक्स आणि वाय पिक्सेलमध्ये पाठवू नका. दिसणाऱ्या चित्राच्या चौकटीचा अपूर्णांक काढा आणि 65535 नं गुणा. पलीकडचा पडदा पानात व्हिडिओ म्हणून दाखवत असाल आणि ऑब्जेक्ट-फिट: कंटेन असेल, तर गेटबाउंडिंगक्लायंटरेक्ट काळ्या पट्ट्यांसकट घटकाचं माप देतं. व्हिडिओविड्थ आणि व्हिडिओहाइट यांच्या गुणोत्तरावरून पट्ट्या आधी वजा करा. हे चुकलं की मध्यभागी सगळं बरोबर आणि कडेला सरकलेलं दिसतं.

नेटवर्क तुंबलं तर बफर्डअमाउंट (पाठवायचे राहिलेले बाइट) बघून माउसच्या नुसत्या हालचालीचे जुने बिंदू टाकून द्या. पेनचे टाकू नका, ती रेष आहे. आणि टेकणं-उचलणं कुणाचंच टाकायचं नाही.

---

रेघोट्या

तीन डिव्हाइस केली, लिबइनपुटमध्ये तिन्ही दिसतात. बोटं आता अडकत नाहीत. ट्रॅकिंग आयडीच्या आधी स्लॉट लिहिलेला नव्हता, तीच चूक निघाली. टच-ॲक्शननं स्क्रोलही थांबलं.

पेनचं मात्र अर्धंच जमलं. बीटीएन_टच 1 पाठवतो, पेन फिरताना दिसतं, पण रेष उमटत नाही. कधी उमटलीच तर सुरुवातीला फारच फिकी. तिरपेपणाला कोणती पट्टी द्यायची? आणि दोन पडदे जोडले की पेन दोन्हींवर पसरतं.

---

कर्नलकाठी

टॅब्लेटला दाबाचा अक्ष असेल तर टोक टेकलं की नाही हे लिबइनपुट दाबावरून ठरवतं. बीटीएन_टच 1 आणि दाब 0 म्हणजे त्याच्या लेखी पेन हवेतच. दाबाची कमाल 4095 ठेवा आणि ब्राउझरच्या 0 ते 1 या आकड्याला त्यानं गुणा. टेकण्याच्या पहिल्या बिंदूला पुष्कळ पेनं अगदी कमी दाब देतात. तो उंबरठ्याखाली राहिला की रेषेची सुरुवात कापली जाते. टेकलेलं असताना किमान दाब कमालीच्या 6-7 टक्के धरा, म्हणजे 260 च्या आसपास. दाब न मोजणाऱ्या साधनाला ब्राउझर टेकलेलं असताना 0.5 देतो, तो खरा दाब समजू नका.

फिकेपणाचा संशय क्रमावर आहे. पेन कक्षेत येतानाची पहिली फ्रेम अशी हवी: बीटीएन_टूल_पेन 1, एक्स, वाय, दाब 0, सिन_रिपोर्ट. टेकणं पुढच्या फ्रेममध्ये. कक्षेत येतानाच दाब शून्याहून जास्त दिसला, तर ते पेन झिजलेलं आहे असं समजून लिबइनपुट तेवढा दाब पुढे वजा करू शकतं. जाताना उलट: आधी बीटीएन_टच 0 आणि दाब 0, सिन_रिपोर्ट, मग बीटीएन_टूल_पेन 0, सिन_रिपोर्ट. पानावर पेन हवेत असताना पॉइंटरमूव्ह 'बटन्स' 0 घेऊन येतं आणि कक्षेबाहेर गेलं की पॉइंटरलीव्ह. त्यावरच टूल सोडा, पॉइंटरअपवर नाही, नाहीतर प्रत्येक रेषेनंतर कर्सर गायब होऊन परत येतो. हवेतलं पेन न ओळखणाऱ्या टॅब्लेटवर पॉइंटरअपपाठोपाठ पॉइंटरलीव्ह येतंच, त्यामुळे वेगळी सोय लागत नाही.

खोडरबर हे बटण नाही, वेगळं टूल आहे. 'बटन्स'मध्ये 32 दिसलं की बीटीएन_टूल_पेन पूर्ण सोडा, सिन_रिपोर्ट द्या, मग बीटीएन_टूल_रबर 1. दोन्ही टूल एकाच वेळी 1 ठेवू नका.

तिरपेपणा ब्राउझर अंशांत देतो, -90 ते 90. अक्षाची किमान आणि कमाल तीच ठेवा आणि रिझोल्यूशन 57 द्या. या अक्षांचं एकक दर रेडियनला मोजतात आणि एका रेडियनमध्ये साधारण 57.3 अंश असतात.

पडद्याची जोडणी तुमच्या प्रोग्रामचं काम नाही, कंपोझिटरचं आहे. स्वे या कंपोझिटरमध्ये मॅप_टू_आउटपुट, एक्स11 वर (वेलँडच्या आधीची पद्धत) एक्सइनपुटचं मॅप-टू-आउटपुट. डिव्हाइसचं नाव, व्हेंडर आणि प्रॉडक्ट क्रमांक दर वेळी तेच ठेवा, म्हणजे केलेली मांडणी टिकते.

---

खिडकीपलीकडे

परवानगीचा मुद्दा राहिला, तो महत्त्वाचा आहे. यूइनपुटला लिहिता येणं म्हणजे कीबोर्डही बनवता येणं. प्रोग्राम रूट म्हणून चालवू नका आणि वापरकर्त्याला 'इनपुट' गटातही टाकू नका, त्या गटाला सगळ्या कीबोर्डांच्या कळा वाचता येतात. यूइनपुटपुरता स्वतंत्र गट करा, यूडेव्हच्या नियमात तो गट आणि 0660 परवानगी द्या. वेबसॉकेटवर जोडणी होताना एकदाच चालणारा कोड मागा आणि ओरिजिन (पान कुठल्या पत्त्यावरून आलं ते) तपासा, नाहीतर त्याच नेटवर्कवरचं कुठलंही पान तुमचा संगणक चालवू शकेल.

फक्त माउस आणि बोट पुरत असतील तर वेलँडवर रिमोट डेस्कटॉप पोर्टल जास्त योग्य. ते वापरकर्त्याला विचारून परवानगी घेतं. त्याच्या नोटिफाय पद्धतींत पॉइंटर, कीबोर्ड आणि टच आहेत, पेन नाही. पेन हवं म्हणून तुम्हाला यूइनपुटच लागेल.

पुढेमागे विंडोजची बाजू लिहिणार असाल तर हाच 20 बाइटांचा निरोप चालेल. तिथे विंडोज 10 च्या 1809 आवृत्तीपासून क्रिएटसिंथेटिकपॉइंटरडिव्हाइस आणि इंजेक्टसिंथेटिकपॉइंटरइनपुट आहेत. पेन आणि बोट यांची डिव्हाइस तिथेही वेगळीच. दाब 0 ते 1024. मोठा फरक एवढाच की स्लॉटसारखी आठवण तिथे नाही. प्रत्येक हाकेत टेकलेली सगळी बोटं द्यावी लागतात, न हललेलीसुद्धा, आणि बोट स्थिर धरलेलं असेल तरी अपडेट पाठवत राहावं लागतं, नाहीतर विंडोज तो स्पर्श रद्द करतं. म्हणून घेणाऱ्या बाजूला स्लॉटांची नोंद आत्ताच शेवटच्या एक्स, वाय आणि दाबासकट ठेवा. लिनक्सला ती तशी लागत नाही, पण विंडोजवर टायमरनं तीच नोंद परत पाठवता येईल.

---

रेघोट्या

पहिल्या फ्रेममध्ये दाब 0 आणि टेकणं पुढच्या फ्रेममध्ये, एवढं करताच फिकेपणा गेला. किमान दाब 260 ठेवल्यावर सुरुवातही कापली जात नाही. माउसच्या चाकाची दिशा मात्र उलटी येते आहे, आणि टचपॅडवरून स्क्रोल केलं की फारच मोठ्या उड्या.

---

पॉइंटरपकड

ब्राउझरचा डेल्टावाय खाली धन असतो, कर्नलचा आरईएल_व्हील वर धन. चिन्ह उलटा. उड्यांसाठी आरईएल_व्हील_हाय_रेस वापरा, त्यात एक खाच म्हणजे 120. डेल्टामोड आधी बघा: 0 असेल तर आकडा पिक्सेलमध्ये, 1 असेल तर ओळींमध्ये. एका खाचेला किती पिक्सेल धरायचे ते एकदा ठरवा, 100 नं सुरुवात करा. पिक्सेलचे 120 च्या पट्टीत रूपांतर करा आणि उरलेला अपूर्णांक पुढच्या घटनेत मिळवा, फेकू नका. जमलेली बेरीज 120 ओलांडेल तेव्हा त्याच फ्रेममध्ये आरईएल_व्हील 1 किंवा -1 ही लिहा, कारण जुने प्रोग्राम फक्त तेच वाचतात.